जुनं नाटक, नवी पोरं : वाचकांचे प्रश्न

जुन्या विनोदी नाटकावरून आजच्या शाळा-कॉलेजातल्या मुलांचा चित्रपट कसा करावा, याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. विदर्भातल्या गावांतून आलेल्या पत्रांपैकी काही निवडून उत्तरं देत आहोत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं घेऊन ‘संशयकल्लोळ’वरून दीड तासाचा चित्रपट करायचा आहे. मुलांना नाटक वाचून दाखवलं. खूप हसली. पण मग त्यांनीच विचारलं, “नवरा-बायकोचं भांडण आम्ही कसं करायचं? आणि नायकीण म्हणून कोणाला दाखवायचं?” सुरुवात कुठून करावी?
— शिक्षिका, साकोली तालुका (भंडारा)

उत्तर : मुलांनी नेमकं बोट ठेवलं आहे. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. या नाटकाचं रूपांतर करणारे तुम्ही पहिले नाही, चौथे आहात. फ्रेंच नाटककार मोलिएरची एकांकी प्रहसनिका पॅरिसला १६६० मध्ये रंगभूमीवर आली. तिच्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक केलं. ते गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ म्हणून मराठीत आणलं आणि १९१६ मध्ये पदं घालून त्याचं ‘संशयकल्लोळ’ झालं. दर वेळी गाव बदललं, कपडे बदलले, लग्नाच्या चालीरीती बदलल्या. टिकलं ते एवढंच : एका मुलीला रस्त्यात भोवळ येते आणि तिच्या हातून प्रियकराची तसबीर पडते. वाटेवरचा एक गृहस्थ तिला सावरतो, ते त्याची बायको खिडकीतून बघते. ती खाली येते तोवर तिथं कोणी नसतं, पण तसबीर सापडते. आणि ती तसबीर बघत असतानाच नवरा तिला बघतो.

हा सांगाडा एका कागदावर लिहून भिंतीला लावा. याला हात लावायचा नाही. बाकी सगळं बदलायला मोकळं.

संवाद लिहायला बसण्याआधी एक तक्ता करा. आडव्या ओळीत प्रसंग, उभ्या रकान्यांत चार मुख्य पात्रं आणि पाचवा रकाना प्रेक्षकाचा. प्रत्येक चौकटीत दोनच गोष्टी लिहा : या पात्राने काय पाहिलं, आणि त्यावरून त्याचा काय समज झाला. प्रेक्षकाच्या रकान्यात नेहमी पूर्ण सत्य असलं पाहिजे. प्रेक्षकही फसला तर ते रहस्य होतं, प्रहसन राहत नाही. नवख्या पटकथांमध्ये हीच चूक सर्वात जास्त होते. शेवटी धक्का द्यायच्या मोहापायी लेखक सत्य लपवतो आणि मधला तासभर कोणी हसत नाही.

आता नवरा-बायको. सतरा वर्षांच्या मुलांना ‘कपल’ करून टाकणं हा सोपा मार्ग आहे, पण त्यात नाटकाचा जीव जातो. नाटक चालतं ते एका प्रश्नावर : सरळ विचारलं का नाही? फाल्गुनरावाला, म्हणजे देवलांच्या संशयी नवऱ्याला, विचारायचा हक्क आहे, पण संशयी माणसाला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो, म्हणून तो विचारत नाही. मुलांच्या बाबतीत याहून चांगलं कारण हाताशी आहे. वर्गाने ठरवलेली जोडी घ्या. सगळा वर्ग त्यांना एकमेकांच्या नावाने चिडवतो, दोघांनाही ते मनातून आवडतं, पण तोंडाने कोणी काही बोललेलं नाही. त्यामुळे “ती कोण होती?” असं विचारायचा हक्कच दोघांनाही नाही. विचारलं की कबुली दिल्यासारखं होतं. एवढं एक कारण पक्कं बसलं तर पुढचे वीस प्रसंग आपोआप उभे राहतात.

नायकिणीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. देवलांच्या नाटकात भोवळ येणारी रेवती नायकिणीच्या घरातली, त्यामुळे तिच्याविषयी काहीही खरं मानायला लोक आधीच तयार असतात. आज त्या जागी पैशाने गरीब मुलगी ठेवून भागत नाही, कारण गरिबीमुळे दया येते, संशय येत नाही. तुमच्या भागात याचं उत्तर घराशेजारीच आहे. झाडीपट्टीच्या नाटकात काम करणाऱ्या बाईची मुलगी घ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडईपासून (म्हणजे गावजत्रेपासून) होळीपर्यंत रात्रभराची नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक कंपन्यांचं ठाणं. आई रात्री बाहेर, पहाटे परत, दर दोन दिवसांनी नवं गाव. जे लोक तिकीट काढून तिला बघायला जातात तेच दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीविषयी कुजबुजतात. हा दुटप्पीपणा चित्रपटाला वजन देईल. मात्र आईचं काम हा विनोदाचा विषय होऊ देऊ नका, आणि शेवटी तिने रंगमंच सोडला म्हणून सगळं गोड झालं असंही दाखवू नका. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. तिच्यावर जगणाऱ्या माणसांना मान खाली घालायला लावणारा शेवट आपल्या मुलांकडून करून घेऊ नये.

तसबिरीचं काय, असं तुम्ही विचारलं नाही, पण खरी कळ तिथे आहे. बहुतेक जण तसबिरीच्या जागी मोबाइल घालतात. आमचं मत साफ विरुद्ध आहे. मोबाइलला लॉक असतो, आणि तो उघडला की त्यात सगळं खरं सापडतं. अशी वस्तू घोटाळा वाढवत नाही, मिटवते. आपल्याला अशी वस्तू हवी की जी हातातून पडू शकते, लपवता येते, निरपराध कारणाने कोणाकडेही असू शकते आणि संदर्भ माहीत नसलेल्याला एका नजरेत ‘कळते’. पासपोर्ट साइज फोटो! बारावीचा फॉर्म, शिष्यवृत्ती, एसटीचा पास, सगळीकडे तो लागतो. फोटोवाला आठाचं पान देतो. तीन फॉर्मला लागले, चार पाकिटात आहेत, एक कुठं गेला? हा हिशेब शेवटी गाठ सोडवायलाही कामाचा. मागच्या बाजूला बॉलपेनने नाव लिहिलेलं असतं, पण पुढून बघणारा मागची बाजू बघत नाही. तोही शेवटासाठी राखून ठेवा.

प्रसंग असा बसवता येईल. नवरात्र, ऑक्टोबरचं ऊन. मुलीला नऊ दिवसांचा उपवास. झेरॉक्सच्या दुकानासमोर फॉर्म भरणाऱ्यांची रांग. तिच्या कंपासपेटीत तिला आवडणाऱ्या मुलाचा फोटो आहे, कारण त्याचा फॉर्म तिनेच भरला आणि आठातला एक परत दिलाच नाही. ती भोवळ येऊन पडते, कंपासपेटी उघडते. दुसराच एक मुलगा तिला सावरतो, दुकानातल्या जगातलं पाणी तोंडावर मारतो आणि उपकेंद्राकडे घेऊन जातो. समोर मानव विकास योजनेची, शाळकरी मुलींसाठीची निळी बस उभी आहे आणि खिडकीत बसलेली आहे या मुलाशी जिचं नाव जोडलंय ती. ती धडपडत उतरते. तोवर दोघं वळणाआड गेलेले. जमिनीवर फोटो. कंडक्टर घंटी मारतो, तिला परत चढावं लागतं. बस सुटते, आणि विचारायची संधीही सुटते. देवलांची खिडकी इथे चाकांवर आली. दुसऱ्या दिवशी ट्यूशनला तिच्या वहीत भलत्याच मुलाचा फोटो तिच्या ‘त्याला’ दिसतो. इथून गाडी आपोआप चालते.

लांबीचं म्हणाल तर पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं सुमारे एक मिनिट. नव्वद पानांच्या पुढे जाऊ नका. पहिल्या दहा पानांत सगळी पात्रं आणि गावाच्या कुजबुजी, पंधराव्या पानाच्या आत भोवळ. ती तिसाव्या पानावर आली तर मधली वीस पानं नुसती ओळखपरेड होते.

प्रश्न : आजकाल सगळ्यांकडे फोन आहे. एक कॉल केला की गैरसमज संपला. मग दीड तास कथा चालणार कशी? आमच्या ग्रुपमध्ये “गावात रेंज नाही असं दाखवू” असं ठरलंय. चालेल का?
— विद्यार्थी, दारव्हा (यवतमाळ)

उत्तर : एकदा चालेल. दुसऱ्यांदा रेंज गेली की प्रेक्षकाला लेखकाचा हात दिसतो. फोन बंद पाडण्यापेक्षा फोनला अर्धवट बोलू द्या. अर्धी माहिती ही अज्ञानापेक्षा कितीतरी घातक असते.

तुमच्या आसपासची घरं बघा. बऱ्याच घरांत चांगला फोन एकच, आणि संध्याकाळी सातनंतर तो वडिलांच्या हाती. मुलीचा नंबर म्हणून सगळ्यांकडे सेव्ह असलेला नंबर खरं तर भावाचा. मेसेजवर निळी खूण आली, म्हणजे वाचला गेला. पण कोणी वाचला? पाठवून लगेच पुसलेला मेसेज ‘हा मेसेज डिलीट केला’ असा माग ठेवतो, आणि आत काय होतं यावर समोरचा रात्रभर विचार करतो. स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणजे तुम्हाला फुकटात एक घड्याळ मिळालं. आणि ते कोणी पाहिलं याची यादी टाकणाऱ्याला दिसते. “तिने पाहिलं, पण काही बोलली नाही” हे वाक्य फाल्गुनरावाच्या तोंडी शोभेल असं आहे.

फोनचा सर्वात मोठा उपयोग वेगळाच आहे. जुन्या नाटकात स्वगतं भरपूर असतात. संशयी पात्र एकटंच बोलत सुटतं आणि प्रेक्षक खुलतो. पडद्यावर हे स्वगत तसंच ठेवलं तर माणूस खुळा वाटतो, आणि पार्श्वभूमीला नुसता आवाज लावला तर प्रसंग थांबतो. व्हॉइस नोट घ्या. मुलगा शेताच्या बांधावर उभा राहून तावातावाने बोलतो, ऐकतो, पुसतो. पुन्हा बोलतो, या वेळी मऊ. पुसतो. चौथ्या वेळी नुसतं “जेवली का?” एवढंच पाठवतो. प्रेक्षकाला सगळं कळलं, तिला काहीच कळलं नाही. वरच्या उत्तरात सांगितलेल्या तक्त्यातल्या दोन रकान्यांतलं अंतर इतक्या स्वस्तात दुसऱ्या कशानेही वाढत नाही.

पडद्यावर फोनचा पडदा दाखवताना मजकूर सात-आठ शब्दांच्या वर नको आणि निदान तीन सेकंद तरी तो स्थिर राहू द्या. ब्राइटनेस उतरवून शूट करा, नाहीतर अक्षरं पांढरी फटक जळतात. मुलं इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात हे खरं, पण मागच्या रांगेतल्या आजीलाही कळायला हवं. म्हणून महत्त्वाचा मेसेज कोणाच्या तरी तोंडून वाचला जाईल अशी सोय करा.

प्रश्न : कोणतं नाटक परवानगीशिवाय घेता येतं? आमच्या यादीत ‘मोरूची मावशी’, ‘ती फुलराणी’, ‘भावबंधन’ आणि शेक्सपिअर आहेत. शाळेसाठीच करतोय, पैसे कमवायचे नाहीत.
— वाचनालयाचे कार्यकर्ते, मेहकर (बुलडाणा)

उत्तर : पैसे कमवत नाही म्हणून परवानगी नको, हा समज आधी काढून टाका. शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटकाचा प्रयोग करण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. त्याच नाटकाचा चित्रपट करून इंटरनेटवर टाकणं त्या सवलतीत बसत नाही.

भारतात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. देवल १९१६ मध्ये गेले, राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला गेले. म्हणजे ‘संशयकल्लोळ’ आणि ‘भावबंधन’ दोन्ही मोकळी. शेक्सपिअर आणि मोलिएरही अर्थातच. मात्र ‘मोरूची मावशी’चे लेखक आचार्य अत्रे १३ जून १९६९ ला गेले, म्हणून त्यांच्या लेखनावरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. ‘ती फुलराणी’चे पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, तिथे २०६० ची अखेर.

पण इथे एक वाट आहे. ‘मोरूची मावशी’ ज्या ‘चार्लीज आन्ट’वर आधारलेली आहे तिचे लेखक ब्रँडन थॉमस १९१४ मध्ये गेले. ‘ती फुलराणी’मागचं ‘पिग्मॅलियन’ लिहिणारे बर्नार्ड शॉ १९५० मध्ये गेले, म्हणजे भारतात त्यांचा हक्क २०१० च्या अखेरीस संपला. मूळ इंग्रजी नाटक समोर ठेवून तुम्ही स्वतः रूपांतर करू शकता. अट एकच : अत्र्यांनी किंवा पुलंनी स्वतः घातलेली नावं, विनोद, वाक्यं, गाणी त्यात येता कामा नयेत. हे बोलायला सोपं आणि करायला कठीण आहे, कारण ती वाक्यं आपल्या कानात बसलेली असतात. लिहिणाऱ्याने त्या काळात मराठी नाटक बघू नये, मूळच वाचावं, आणि शेवटी मराठी नाटक चांगलं माहीत असलेल्या दुसऱ्या माणसाकडून पटकथा तपासून घ्यावी. मूळ नाटकाचा मराठी अनुवाद वापरत असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजा.

परवानगी घ्यावी लागली तर ती लेखीच घ्या आणि कागदावर मुदत व प्रदेश स्पष्ट लिहून घ्या. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. सहाव्या वर्षी तुमचा चित्रपट अडचणीत येऊ नये.

पदांच्या बाबतीत दोन वेगळे हक्क असतात. देवलांची पदं मोकळी आहेत, तुमच्या शाळेतल्या मुलीने ती गायली तर कोणाला विचारायची गरज नाही. पण एखाद्या नामवंत गायकाची रेकॉर्ड उचलून लावली तर त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६० साली निघालेल्या रेकॉर्डवरचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला, १९८० सालच्या रेकॉर्डवरचा अजून आहे. मुलांकडून गाऊन घ्या. कच्चा आवाजही अशा चित्रपटात जास्त शोभतो.

प्रश्न : संवाद वऱ्हाडीत लिहावेत की प्रमाण मराठीत? मुलं म्हणतात वऱ्हाडीतच. संस्थेतले काही जण म्हणतात पुण्या-मुंबईच्या लोकांना समजणार नाही.
— प्राध्यापक, दर्यापूर (अमरावती)

उत्तर : मुलांचं ऐका. पण सगळ्यांनी वऱ्हाडी बोललं पाहिजे, नायक-नायिकेनेही. नायक प्रमाण बोलतो आणि त्याचा बावळट मित्र तेवढा “मले काय मालूम” म्हणतो, ही सवय मराठी पडद्याला जुनी आहे, आणि आपल्याच बोलीची थट्टा आपणच कशाला करायची? बोली हा विनोद नव्हे. विनोद प्रसंगात हवा.

भाषा कधी बदलते तेही टिपा. गुरुजी फळ्यासमोर प्रमाण बोलतात, स्टाफरूममध्ये वऱ्हाडी. मुलगी भांडताना “तू तिच्याकडे काहून पाहू राह्यला होता?” म्हणेल, आणि खरंच दुखावली गेली की एकदम पुस्तकी होईल : “माझं तुमच्याशी काही काम नाही.” ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं की मुलाच्या पोटात गोळा येतो. असा बदल एका चित्रपटात एकदाच वापरा.

दर्यापूरकडचा ‘डोया’ (डोळा) आणि वडशाकडची झाडीबोली एकाच घरात मिसळू नका. पटकथा एका गावाची धरा आणि त्या गावातल्या एका माणसाला बोलीची जबाबदारी द्या. त्याने वाचनाच्या वेळी प्रत्येक वाक्य तोंडाने बोलून बघायचं. लिहिलेलं वाक्य जिभेवर अडलं तर ते कापायचं, जीभ बदलायची नाही. बाहेरच्यांसाठी खाली प्रमाण मराठीत उपशीर्षकं द्या.

प्रश्न : ‘त्राटिका’ हे जुनं नाटक वाचलं. कजाग मुलीला नवरा ‘वठणीवर’ आणतो. आम्हा मुलींना हा शेवट अजिबात आवडला नाही, पण त्यातली भांडणं फार मजेदार आहेत. शेवट बदलला तर ते तेच नाटक राहील का?
— विद्यार्थिनी, वरोरा (चंद्रपूर)

उत्तर : राहील. वासुदेव बाळकृष्ण केळकरांचं ‘त्राटिका’ हे शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’चं रूपांतर, आणि त्याच मूळ नाटकावरून अमेरिकेत १९९९ मध्ये ‘टेन थिंग्ज आय हेट अबाऊट यू’ हा शाळकरी मुलांचा चित्रपट झाला. त्यांनी काय ठेवलं आणि काय टाकलं हे बघण्यासारखं आहे. बापाची अट ठेवली : मूळ नाटकात थोरलीचं लग्न झाल्याशिवाय धाकटीचं नाही, चित्रपटात थोरली मुलांबरोबर हिंडाफिरायला लागेपर्यंत धाकटीलाही परवानगी नाही. थोरलीमागे लागण्यात नायकाचा पैशाचा स्वार्थ, तोही ठेवला. उपाशी ठेवून, झोपू न देऊन बायकोला नमवणं मात्र पूर्ण टाकलं. आणि शेवटी बायकांनी नवऱ्याचं ऐकावं असं सांगणारं जे लांबलचक भाषण आहे, त्याच्या जागी मुलगी वर्गात स्वतःची कविता वाचते. जागा तीच, सगळ्यांसमोर बोलणं तेच, अर्थ नवा.

तुम्हीही असंच करा. अट आधी शोधा, ती एका वाक्यात सांगता आली पाहिजे आणि तुमच्या गावात खरी वाटली पाहिजे. लग्नाची अट सतरा वर्षांच्या मुलींना लावू नका, तो कायद्याने गुन्हा ठरेल आणि हसू मरेल. “थोरली नागपूरला शिकायला गेली तरच धाकटी जाईल” ही अट चालेल. थोरलीला आई नसलेलं घर आणि वावर सोडून जायचं नाही, धाकटीची बॅग भरून तयार आहे. आता धाकटीच्या मैत्रिणी थोरलीला गावाबाहेर काढायला काय काय करतील ते लिहा. थोरलीचा कजागपणा चूक म्हणून दाखवू नका, त्याला कारण द्या. शेवटी ती मऊ होत नाही, तिला समजून घेणारं माणूस भेटतं. नायकाने पैसे किंवा मोटरसायकल घेऊन हे काम पत्करलं हे तिला कळतं तो प्रसंग हलका करू नका. तिथे दोन मिनिटं कोणीही हसता कामा नये.

प्रश्न : मोबाइलवर शूट करणार आहोत. तालमीत सगळे हसतात, पण शूट केलेलं पाहिलं की विनोद पडतो. का? आणि शूटिंग कधी ठेवावं?
— नाट्यमंडळ, उमरखेड (यवतमाळ)

उत्तर : पहिलं कारण बहुधा क्लोजअप. प्रहसनातला विनोद एका चेहऱ्यावर नसतो, दोन माणसांमधल्या अंतरात असतो. एक जण फोटो लपवतोय आणि दुसरा मागे उभा आहे, हे एकाच चौकटीत एकाच वेळी दिसलं पाहिजे. आधी लपवणारा, मग कापून बघणारा, असं दाखवलं की हशा दोन तुकड्यांत फुटतो. अशा प्रसंगाला कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा, कमरेपासून वर दोघं, आणि पूर्ण प्रसंग एका दमात घ्या. क्लोजअप नंतर लागला तर वापरायला घेऊन ठेवा.

दुसरं कारण जागा. रंगमंचावर खांबाआड उभं राहून ऐकलेलं प्रेक्षक मान्य करतो. कॅमेऱ्याला तो खांब बोटभर रुंद दिसतो. चोरून ऐकण्याच्या प्रत्येक प्रसंगाआधी जागेचा एक लांबचा शॉट द्या : दार कुठे, खिडकी कुठे, ऐकणारा कुठे. गोठ्याची ताटी, कापसाच्या गंजीमागची जागा, धान्याच्या कोठीमागची खोली अशी खरी आडोशाची ठिकाणं निवडा.

तिसरं, श्वास. नाटकात नट हशा ओसरेपर्यंत थांबतो. पडद्यावर कोणी थांबत नाही, म्हणून पुढचं वाक्य हशात बुडतं. संकलनात मोठ्या विनोदानंतर अर्धा ते एक सेकंद बोलण्याविना ठेवा, तिथे समोरच्याचा चेहरा लावा. आणि नाटकात मुरलेल्या नटांना आवाज खाली आणायला सांगा. मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायची सवय माइकपुढे आरडाओरडा होते.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. फोनमध्ये सेटिंग हाताने करता येईल असं कॅमेरा ॲप घ्या, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा आणि शटर १/५०. फोन आपोआप ३० फ्रेमवर गेला की ट्यूबलाइट आणि एलईडीखाली चित्र लुकलुकतं आणि ते नंतर नीट काढता येत नाही. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा. दुपारी बारा ते तीन उघड्यावर चेहरे घेऊ नका, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. ती वेळ घरातल्या प्रसंगांना द्या.

आवाजासाठी कॉलरला लावायचा माइक आणि त्यावर केसाळ टोपी. चित्रापेक्षा आधी पैसे इथे घाला. पिठाची गिरणी, मळणी यंत्र, मोटारपंप यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. प्रत्येक जागी शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. दोन वाक्यांमधली कापाकापी झाकायला तीच लागते.

वेळेचं गणित असं. दिवसाला पाच पानं धरली तर नव्वद पानांना अठरा दिवस. मार्च ते जून आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, फोन तापून बंद पडतात आणि मुलं आजारी पडतात, म्हणून तो काळ नकोच. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा. दिवाळीची सुटी आणि त्यानंतरचे रविवार हाच काळ खरा. पण तेव्हा घरोघरी कापूस वेचायला किंवा धान कापायला माणूस हवा असतो. मुलांच्या घरी आधी विचारून तारखा लावा, नाहीतर तिसऱ्या दिवशी नायिका वेचणीला गेलेली सापडेल. गर्दीचे प्रसंग पहिल्याच रविवारी उरका, तेव्हा गावाचा उत्साह ताजा असतो.

प्रश्न : आमच्या चित्रपटात तेरा वर्षांची दोन मुलं आहेत. काही परवानगी लागते का? आणि सेन्सॉर?
— शिक्षक, अर्जुनी मोरगाव (गोंदिया)

उत्तर : चौदा वर्षांखालच्या मुलांना चित्रपटात काम देणारा निर्माता असेल तर शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त विश्रांतीशिवाय नाही, सलग २७ दिवसांच्या पुढे नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा, आणि मानधन दिलं तर किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. शाळेचा उपक्रम म्हणून करत असाल तरी हे वेळापत्रक पाळा आणि पालकांची सही घ्या. अठराच्या आतल्या मुलांकडून जवळिकीचे प्रसंग करून घेऊ नका. ‘संशयकल्लोळ’सारख्या गोष्टीला त्यांची गरजही नाही.

चित्रपटगृहात किंवा तिकीट लावून सार्वजनिकरीत्या दाखवायचा असेल तर चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र हवं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे चित्रपट) मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाले आहेत. शिव्या आटोक्यात ठेवल्या तर तुमचा चित्रपट पहिल्या दोनांपैकी एका गटात बसायला हरकत नाही. नुसता यूट्यूबवर टाकणार असाल तर हे प्रमाणपत्र लागत नाही. पण अपलोड करण्याआधी मुलांच्या फॉर्मवरचे खरे नंबर, पत्ते आणि आधार क्रमांक एखाद्या शॉटमध्ये दिसत नाहीत ना, हे फ्रेम थांबवून तपासा. झेरॉक्सच्या दुकानातल्या प्रसंगात ते हमखास येतात.